गंधकाचा वास

पाच महिने माझ्या वर्गात
'किलर अनिकेत झिरो सेवन' नावाचा
एक काळा चौकोन होता.
रात्री साडेआठला हजर, नवाला पाच कमी असताना गुल.
हजेरीत मी त्याच्यापुढे फुली मारायचो:
टवाळ पोरगं असणार,
वर्ग लावून ठेवून गेम खेळत असणार.

कोपरखैरण्यात, आतल्या खोलीत,
वर इस्त्रीचा शर्ट, खाली लेंगा,
मी सतरा नंबरचा फॉर्म भरलेल्यांना
दहावीचं विज्ञान शिकवत होतो.
कुणी रबाळ्याच्या कंपनीतून, कुणी वॉचमनच्या खुर्चीतून,
एक जण दिवाळे गावातून, जाळं सांधता सांधता.
चेहरे कमी, छतंच जास्त दिसायची.
एकेकाचा पंखा ओळखायला लागलो होतो मी.

एकदा त्या काळ्या चौकोनाचा आवाज चुकून उघडा राहिला.
हमालाची हाळी, मागे येणाऱ्या ट्रकचा भोंगा,
आणि अगदी जवळून
माझंच वाक्य माझ्यामागून पुटपुटणारी एक बाई:
"मूलद्रव्य म्हंजे... मूलद्रव्य म्हंजे..."
मी थांबलो. तीही थांबली.
मग घाईघाईनं,
"चुकून दाबलं सर. फोन पोराचा हाय.
माजं नाव लोचना सरवदे.
तुर्भ्याच्या मार्केटात लसूण निवडते.
नेट पुरत न्हाई, म्हनून मधीच जाते."

त्या रात्री हजेरी काढून
पाच महिन्यांच्या फुल्या खोडत बसलो.
खोडलेली फुली
आणखी मोठी फुली दिसते.

मग एका शनिवारी पालिकेच्या शाळेत चष्मे आले.
चार चष्मे, सदतीस माणसं,
वायरींवरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं.
शाळेला प्रयोगशाळा आहे. कुलूपही आहे.
किल्ली ज्यांच्याकडे, ते शनिवारी कर्जतला असतात.
म्हणून ही हवेतली प्रयोगशाळा.

बाकीचे 'अरे बाप रे' म्हणत, भिंतीला धडकत
आपापली पाळी संपवून गेले.
लोचनाबाईंनी आधी पदर खोचला,
अंबाड्यावरून पट्टा सरकवला,
आणि रिकाम्या बाकाशी उभं राहून
नसलेली परीक्षानळी दोन बोटांत धरली,
लसणाची पाकळी धरावी तशी,
सालही दुखू नये म्हणून.
लोखंडाचा कीस. पिवळा गंधक. खाली ज्योत.
त्या गप्प.
नाक पुढे करून हुंगत होत्या.

"सर, पेटलंय, पन वास न्हाई."

"यंत्राला वास जमत नाही अजून," मी म्हणालो,
"खरा गंधक पेटला ना, की त्याचा वास..."
आणि अडलो.
मी तो एकवीस वर्षांपूर्वी घेतला होता.
त्यानंतर फक्त शिकवत आलो:
'तीव्र'.
पुस्तकात तेवढंच आहे.

"तुमीच म्हनला हुता," त्या चष्म्याच्या आतून म्हणाल्या,
"लसणात गंधक असतो.
ह्यो घ्या. असाच असंल का?"
आणि उजवा हात लांब केला,
माझ्याकडे समजून, खिडकीकडे.
मी जाऊन खिडकीपाशी उभा राहिलो.

वाकून हुंगला.
"सख्खा नाही," म्हणालो, "पण चुलत लागतो."
मग वॉचमननं हुंगला, रबाळ्याच्या पोरानं हुंगला,
दिवाळ्याचा तो म्हणाला, माझ्या हाताला मासळी, काही हरकत नाही ना?
बसमध्ये जो हात त्या पिशवीखाली लपवून बसायच्या
(हे त्यांनीच नंतर सांगितलं)
तो वर्गभर फिरून आला,
आणि चष्म्याच्या आत असल्यामुळे
कोण कोण वाकलं, हे त्यांना दिसलंच नाही.

सोमवारी रात्री साडेआठला
काळ्या चौकोनावरचं नाव बदललं होतं.
पोराला बहुतेक अर्धंच बदलता आलं:
'लोचना सरवदे झिरो सेवन'.

मी मोठ्यानं, पूर्ण, हजेरी घेतली.
"हाय सर," म्हणाल्या, मागे ट्रकचा भोंगा.
नवाला पाच कमी असताना
वाक्य अर्धं तोडून मी थांबलो, चौकोन गेला होता.
उरलेलं वाक्य वहीत लिहून ठेवलं,
उद्या तिथून सुरुवात.